देवमाशाच्या हाडाची साक्ष

कुपवाड समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या अलीकडचं. तरी इथल्या अनेकांनी देवमासा पाहिलेला असतो, तो रत्नागिरीत. झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात 55 फुटी सांगाडा मांडून ठेवला आहे. सहलीची मुलं त्याच्या फासळ्यांशेजारी उभी राहून आपली उंची मापतात. मोठ्यांच्या कानावर मात्र हा प्राणी वेगळ्याच वाटेनं येतो. सांगलीत व्हेलची उलटी पकडली, किंमत अमुक कोटी, अशा बातम्यांमधून. या प्राण्याच्या पोटातल्या गोळ्याचा भाव आपल्याला तोंडपाठ आहे. आपल्या समुद्रात ते किती होते आणि कुठे गेले, हे विचारायचं मात्र राहून जातं. त्याचं उत्तर हाडात असतं, आणि त्या हाडापर्यंत पोचायला माणसाला फार वेळ लागला.

शिकाऱ्यांना आधी हाड नकोच होतं. त्यांना हवी होती कातडीखालची चरबी, दिव्याच्या तेलासाठी. जबड्यातल्या लवचिक पट्ट्याही विकल्या जात. उरलेला देह किनाऱ्यावर नाहीतर लाटांवर सोडून देत. पुढे हाडंही उकळून तेल काढू लागले, पण तोवर जगभरच्या किनाऱ्यांवर मणक्यांचे आणि कवट्यांचे ढीग साचले होते. देवमाशाचं हाड सच्छिद्र असतं आणि आत तेल भरलेलं. कितीतरी वर्षं ते झिरपत राहतं. पुरातत्त्वज्ञ आले तेव्हा त्यांनी ही हाडं मोजली, त्यांची चित्रं काढली. पण नुसत्या मणक्याच्या तुकड्यावरून जात ओळखणं अवघड, तिथे अंदाजच चालायचा.

1984 मध्ये कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत क्वागा नावाच्या, झेब्र्याच्या नामशेष भाईबंदाच्या वाळक्या कातडीतून डीएनए निघाला. 1989 मध्ये जुन्या हाडातूनही तो मिळवता येतो हे सिद्ध झालं. काम नाजूक. हाडाचा वरचा थर खरवडून टाकतात आणि आतल्या घट्ट भागात बारीक ड्रिल हलक्या वेगानं फिरवतात. कुपवाड एमआयडीसीतल्या कुठल्याही कारागिराला हे चटकन पटेल: वेग वाढला की टोक तापतं आणि काम बिघडतं. इथे बिघडतो तो डीएनए. खाली पडते ती चिमूटभर पूड. शिवाय मास्क, हातमोजे आणि वेगळी बंद खोली हवी, कारण काम करणाऱ्याची थुंकी उडाली तरी तिचाच डीएनए मोजला जायचा. शोधतात बहुधा मायटोकॉन्ड्रियातला डीएनए. एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, म्हणून शतकांनंतरही एखादी हाती लागते. तो आईकडूनच येतो, त्यामुळे मिळतो तो मातृवंश.

या पुडीनं पहिला धक्का दिला कॅनडाच्या रेड बे इथे. सोळाव्या शतकात स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचे बास्क दर्यावर्दी तिथे शिकारीला येत. त्यांनी राइट व्हेल आणि बोहेड या दोन्ही जाती मारल्या आणि राइट व्हेलची दुर्दशा तिथूनच सुरू झाली, असं इतिहासकार धरून चालले होते. तूलिका रस्तोगी आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये तिथल्या 21 हाडांचा डीएनए तपासला. राइट व्हेलचं हाड निघालं एकच, बाकीची बोहेडची. पुढे दोनशेहून अधिक हाडं तपासली, तरी चित्र तेच राहिलं. राइट व्हेलमधली जनुकीय विविधता बास्क तिथे पोचण्याआधीच कमी झाली असावी. कागदावर उभा असलेला समज हाडानं मोडला.

मग वाद पेटला आकड्यांचा. 2003 मध्ये जो रोमन आणि स्टीफन पालुंबी यांनी जिवंत देवमाशांच्या डीएनएवरून हिशेब मांडला की उत्तर अटलांटिकात शिकारीपूर्वी हंपबॅक जातीचे दोन लाख चाळीस हजार देवमासे असावेत. शिकारीच्या नोंदींवरून धरलेला आकडा होता वीस हजार. बारा पटींचा फरक! हिशेबाच्या पद्धतीवर आजही मतभेद आहेत. पण आजच्या डीएनएवरून कालचा अंदाज बांधण्यापेक्षा कालचंच हाड पाहिलेलं बरं. दक्षिण जॉर्जिया बेटावर ते विपुल होतं. 1904 मध्ये तिथे ग्रिटविकेनचं शिकारीचं ठाणं उभं राहिलं आणि साठ वर्षांत त्या बेटावर पावणेदोन लाखांच्या आसपास देवमासे कापले गेले. थंडीनं हाडं जपली. ओरेगन राज्य विद्यापीठाच्या अँजेला स्रेंबा आणि सहकाऱ्यांनी त्या हाडांतल्या डीएनएचा आजच्या देवमाशांशी ताळा करून 2023 मध्ये निष्कर्ष मांडला: निळ्या देवमाशाचे आणि हंपबॅकचे काही मातृवंश शिकारीनंतर दिसेनासे झाले. संख्या परत वाढेल, पण तुटलेला वंश पुन्हा जोडता येत नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. 1963 ते 1966 या काळात ‘स्लावा’ आणि ‘सोवेत्स्काया उक्राइना’ ही सोव्हिएत कारखाना-जहाजं अरबी समुद्रात शिरली. त्यांनी 3,339 देवमासे मारले. त्यात 1,294 बुटके निळे होते, 954 स्पर्म, 849 ब्रायडी आणि 242 हंपबॅक. हंपबॅकपैकी 238 तर एकट्या 1966 च्या नोव्हेंबरात, ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या बाजूला. ही सगळी शिकार जगापासून दडवलेली होती. दक्षिण गोलार्धात सोव्हिएत ताफ्यांनी 2,710 हंपबॅक मारल्याचं अधिकृत कागद म्हणत होते. खरा आकडा 48,000 च्या वर निघाला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर जहाजावरच्याच जीवशास्त्रज्ञांनी खऱ्या नोंदी बाहेर काढल्या. त्यांतले युरी मिखालेव्ह यांनी 1997 मध्ये अरबी समुद्राचा हिशेब छापला. माद्यांच्या पोटातल्या गर्भांच्या मापांवरून उलगडलं की हे हंपबॅक दक्षिणेतून आलेले पाहुणे नव्हते. ते इथेच खाणारे, इथेच विणारे.

डीएनएनं त्याला दुजोरा दिला. ओमानच्या किनाऱ्यावरच्या जिवंत हंपबॅकच्या कातडीचे कण तपासून 2014 मध्ये संशोधकांनी सांगितलं की हा कळप सुमारे सत्तर हजार वर्षं इतरांपासून वेगळा आहे. ओमानजवळ त्यांची मोजणी झाली तेव्हा अंदाज निघाला 82. त्या एका नोव्हेंबरात मारले गेले 238. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला वाचन थांबवावं लागतं.

मारलेल्यांची हाडं मात्र आपल्या हाती नाहीत. कारखाना-जहाजावर देह सोलून, कापून, उकळून तिथेच संपवत. उरतात ती किनाऱ्याला लागलेल्यांची. पण आपल्या दमट, उष्ण हवेत हाडातला डीएनए टिकतो का? उत्तर जुन्या गोव्यात मिळालं, माणसाच्या हाडातून. सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चमध्ये पुरातत्त्व खात्याला 2004 मध्ये दगडी पेटीचं झाकण आणि जवळच हाडाचा तुकडा सापडला. जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिला 1624 मध्ये इराणमधल्या शिराझला हालहाल करून मारलं होतं. ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिचा एक अवशेष गोव्यात आणून ठेवल्याची जुनी नोंद होती. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन केंद्रात नीरज राय आणि के. थंगराज यांच्या पथकानं तपासलं, तर मातृवंश निघाला यू1बी. भारतीय उपखंडातल्या बावीस हजारांवर नमुन्यांत तो नव्हता, जॉर्जियात होता. चार पावसाळी शतकं सोसूनही हाड बोललं. 2021 मध्ये भारतानं त्या अवशेषाचा भाग जॉर्जियाला दिला.

मग आपल्या देवमाशांचं काय? 2015 च्या जूनमध्ये रेवदंड्याला 42 फुटी निळा देवमासा लागला आणि वाचला नाही. 2023 मध्ये गणपतीपुळ्याला पिल्लू आलं. गावकऱ्यांनी आणि सरकारी खात्यांनी जिवाचं रान करून ते खोल पाण्यात ढकलायचा प्रयत्न केला, तरी ते दगावलं. अशा वेळी जेसीबी बोलावून वाळूत पुरणं भाग असतं. दुर्गंधी, रोगराई आणि गर्दी यांपुढे दुसरा इलाज नसतो. पण पुरण्याआधी बोटाएवढा हाडाचा तुकडा काढून, तारीख आणि ठिकाण लिहून ठेवायला अर्धा तास पुरतो. जुन्या पुरलेल्या जागा ठाऊक असलेली माणसं अजून कोळीवाड्यांत आहेत. वन खातं आणि कोकणातली मत्स्य महाविद्यालयं यांनी त्यांना विचारून त्या जागांचा नकाशा करावा. रत्नागिरीच्या त्या 55 फुटी सांगाड्याच्या एखाद्या मणक्यालाही, दर्शनी बाजू न बिघडवता, बारीक ड्रिल लावता येईल. लागेल फक्त चिमूटभर पूड.