मोगलीचं दुपटं

थंडीची चाहूल लागली की आपल्याकडे पेटीतली जुनी लुगडी बाहेर निघतात. आमच्या गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या गटातही यंदा तीच लगबग होती. आमच्यातली एक जण पहिल्यांदाच आजी होणार होती. तिची लेक म्हणाली, "आई, बाजारात कार्टूनची मऊ ब्लँकेटं मिळतात. कशाला डोळे फोडतेस?" आई म्हणाली, "त्या ब्लँकेटावरच्या कार्टूनला मी ओळखत नाही. मी मोगलीचं दुपटं शिवते."

आम्ही सगळ्याच हसलो आणि कामाला लागलो. पण मोगली काढायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की आमच्यातल्या प्रत्येकीचा मोगली वेगळा आहे. त्याच्या चड्डीचा रंग कोणता, यावर तर चांगलाच वाद झाला. मग त्या रविवारांचा इतिहास निघाला.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. रंगीत चित्र १९८२ मध्ये आलं, पण आमच्या घरांत पुढेही बरीच वर्षं काळा-पांढरा संचच होता, तोही गल्लीत एखाद्याकडे. १९९३ च्या सुमारास रविवारी सकाळी हिंदीतून 'जंगल बुक' लागायचं. शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजांचं, आणि शेरखानचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. गाणं सुरू झालं की अख्खी गल्ली त्या एका घरात जमायची.

अख्खी म्हणजे मुलगे. आम्हा मुलींची रविवार सकाळ म्हणजे आठवड्याचं धुणं, सारवण, धाकट्यांच्या वेण्या. भांडी घासता घासता गाणं कानावर यायचं, हात पुसून दारापर्यंत पोचेतो निम्मा भाग झालेला असायचा. तिथून पुढच्यांच्या डोक्यांवरून जे दिसेल ते पाहायचं. आमचा मोगली असा ऐकलेला जास्त आणि पाहिलेला कमी. चड्डीचा रंग कुठून कळणार?

हा मोगली आपल्यापर्यंत फार लांबून फिरून आला. त्याची गोष्ट लिहिणारे रुडयार्ड किपलिंग जन्मले १८६५ मध्ये मुंबईत. त्यांचे वडील जे. जे. कला शाळेत शिकवत. 'द जंगल बुक' प्रसिद्ध झालं १८९४ ला. गोष्टीतलं जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या डोंगरांतलं, आणि नदी वैनगंगा. तीच वैनगंगा पुढे आपल्या भंडारा-गडचिरोलीतून वाहते. या गोष्टीवर जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये ५२ भागांची मालिका केली, आणि ती जपानहून हिंदी बोलत आमच्या गल्लीत आली. मूळ गोष्टीत मोगली गावात येतो, तेव्हा अंगावर कपडा घेणं त्याला नकोसं होतं. रात्री घरात झोपायचंही तो नाकारतो आणि बाहेर गवतात जाऊन निजतो. अशा पोराला आम्ही दुपट्यावर बसवणार होतो!

दुपट्याचा इतिहास मात्र कुठल्या पुस्तकात शोधावा लागत नाही, तो घरातच असतो. बाळंतविड्यात झबली, टोपडी, कुंची यांच्याबरोबर दुपटं असतंच. ते जुन्या सुती कापडाचं करायचं, कारण शंभरदा धुतलेल्या कापडाइतकं मऊ नवं कापड होत नाही. थर अंगणात ताणून पसरायचे, कडेला दगड ठेवायचे आणि कडेकडून आत धावदोरा घालत यायचं. कोणतं ठिगळ कोणाच्या लुगड्याचं, हे शिवणारीला पाठ असतं. पण ती गेली की ते सांगणारं कोणी उरत नाही. घराण्याची नावं वहीत चढली, दुपटं शिवणारीचं नाव कुठेच चढलं नाही.

म्हणून यावेळी आम्ही आधी ठिगळांची नावं विचारली. हिरवं रान आजी होणारीच्या लग्नातल्या साडीचं. वैनगंगा एका मैत्रिणीच्या निळ्या काठाची. हत्ती कोणाच्या तरी नवऱ्याच्या जुन्या पँटीच्या अस्तराचा. डोळ्यांना बटणं लावली नाहीत, दोऱ्यानेच भरले, कारण तान्हं बाळ बटण तोंडात घालतं. मालिकेतलं चित्रही उतरवून घेतलं नाही. ते चित्र करणाऱ्यांचं आहे, आपण विकायला शिवतो तेव्हा ते घेऊ नये. आम्ही आमच्या आठवणीतला मोगली काढला. तो जरा जाड झाला, पण आमचा झाला.

राहिला चड्डीचा रंग. आजी होणारीने पेटीतून तिच्या आईच्या विटक्या जांभळ्या लुगड्याचा तुकडा काढला. म्हणाली, "आम्ही निदान दारातून तरी बघितलं. माझी आई त्या वेळी चुलीपुढे असायची. तिने मोगली पाहिलाच नाही." वाद तिथेच मिटला. मोगलीची चड्डी जांभळी झाली.

दुपट्याच्या मागच्या कोपऱ्यात आम्ही चार पिढ्यांची नावं दोऱ्याने घातली: पणजीचं, आजीचं, लेकीचं, आणि बाळासाठी जागा मोकळी सोडली. मुलगी होवो की मुलगा, त्या जागी नाव येईल.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी दुपटं असेल तर आज ते उलटं करून बघा. आई, सासू, आजी हयात असेल तर एकेका ठिगळावर बोट ठेवून विचारा, हे कोणाचं? आणि हेही विचारा, रविवारी सकाळी सगळे टीव्हीपुढे बसायचे, तेव्हा तू काय करत होतीस?