'डॉट कॉम' मिळालं नाही तर? वेबसाइटच्या पत्त्याचं शेपूट काय सांगतं?

नागपूरच्या व्हीएनआयटीच्या वेबसाइटचा पत्ता 'डॉट एसी डॉट इन'ने संपतो, नीरीचा 'डॉट आरईएस डॉट इन'ने, तर जिल्हा प्रशासनाचा 'डॉट जीओव्ही डॉट इन'ने. शहर एकच, मग पत्त्यांची शेपटं वेगळी का? आणि संत्री किंवा सावजी मसाला विकणाऱ्या छोट्या व्यावसायिकाने यातलं कोणतं घ्यावं?

सगळी शेपटं सगळ्यांसाठी नसतात

पत्त्याच्या या शेवटच्या भागाला डोमेन एक्स्टेन्शन म्हणतात. 'एसी' शिक्षणसंस्थांसाठी, 'आरईएस' संशोधन संस्थांसाठी आणि 'जीओव्ही' सरकारसाठी राखीव आहे. कागदपत्रं तपासल्याशिवाय ती मिळत नाहीत, म्हणूनच त्यांच्यावर विश्वास ठेवता येतो.

'डॉट कॉम' आणि 'डॉट इन' मात्र कुणीही घेऊ शकतो. 'डॉट कॉम' १९८५ पासून वापरात आहे, त्यामुळे सोपी नावं बहुतेक संपली आहेत. 'डॉट इन' हे भारताचं एक्स्टेन्शन. २००५ पासून त्याचा कारभार निक्सी ही संस्था पाहते.

नवे पर्याय

आयकॅन या जागतिक संस्थेने २०१२ मध्ये नव्या एक्स्टेन्शनसाठी अर्ज मागवले. त्यातून 'डॉट स्टोअर', 'डॉट ऑनलाइन', 'डॉट टेक' असे शेकडो पर्याय आले. ही तिन्ही चालवणारी रॅडिक्स ही कंपनी भारतीय उद्योजकांनी उभी केली आहे. स्टार्टअपचं आवडतं 'डॉट एआय' मुळात अँग्विला या कॅरिबियन बेटाचं आहे.

गुगलवर फरक पडतो का?

नव्या एक्स्टेन्शनला वेगळा फायदा किंवा तोटा नाही, असं गुगलने स्पष्ट केलं आहे. मात्र 'डॉट इन'वरून वेबसाइट भारतातल्या वाचकांसाठी आहे, हे सर्च इंजिनला कळतं. स्थानिक दुकानासाठी ही जमेची बाजू.

मराठीत पत्ता?

तोही मिळतो. देवनागरीतलं 'डॉट भारत' २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालं. ते मराठीलाही चालतं. अडचण एवढीच, की अनेक ऑनलाइन फॉर्म देवनागरी ईमेल पत्ता स्वीकारत नाहीत. त्यामुळे सोबत एक इंग्रजी पत्ता ठेवलेला बरा.

बँकेचा पत्ता नीट वाचा

बनावट वेबसाइटना आळा घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये 'डॉट बँक डॉट इन' जाहीर केलं. बँकांना त्यावर जाण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत होती. त्याची नोंदणी फक्त आयडीआरबीटी ही संस्था करते.

पण नुसता 'बँक' शब्द दिसणं पुरेसं नाही. पत्त्यात नावानंतर पहिली तिरकी रेघ येते, तिच्या लगेच आधी काय आहे ते पाहावं. तिथे 'डॉट बँक डॉट इन डॉट ऑनलाइन' असेल, तर खरं एक्स्टेन्शन 'डॉट ऑनलाइन' आहे. ती वेबसाइट बँकेची समजू नये.

घेण्याआधी काय तपासावं?

- दुसऱ्या वर्षाचं शुल्क: पहिल्या वर्षी स्वस्त मिळणारं डोमेन नूतनीकरणाला बरंच महाग पडू शकतं.
- मालकी: नोंदणी वेबसाइट बनवणाऱ्याच्या नव्हे, स्वतःच्या नावावर आणि ईमेलवर हवी.
- उच्चार: फोनवर सांगितलेला पत्ता समोरच्याला एकदाच ऐकून लिहिता यायला हवा.
- मुदत: नूतनीकरण राहिलं, तर ते नाव दुसरा कुणीही घेऊ शकतो आणि जुने ग्राहक थेट त्याच्या वेबसाइटवर पोहोचतात.