‘लाउडनेस’ बटणाचा इतिहास

आवाज हळू केला की संगीतातला खर्ज सर्वांत आधी हरवतो. हा दोष यंत्राचा नसून कानाचा आहे. माणसाचा कान मधल्या पट्टीतल्या स्वरांना तीक्ष्ण आणि खालच्या स्वरांना मंद असतो. आवाज जितका हळू, तितकी ही तफावत वाढते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतले हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी 1933 मध्ये तिचे आलेख प्रसिद्ध केले. 1956 मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील रॉबिन्सन आणि डॅडसन यांनी नवी मोजमापे दिली, तर 2003 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक मोठ्या प्रमाणात सुधारले गेले. त्यानुसार 1000 हर्ट्झचा स्वर 80 डेसिबलवर असेल, तर तेवढाच मोठा वाटण्यासाठी 100 हर्ट्झचा स्वर सुमारे 92 डेसिबल लागतो. पहिला 40 वर आणला, तर दुसरा 64 च्या आसपास हवा. सगळेच स्वर सारखे 40 डेसिबलने उतरवले, तर खर्ज 12 डेसिबलने कमी पडतो.

ही तूट भरून काढण्याची सोय रेडिओ संचांमध्ये 1930 च्या दशकातच आली. आवाजाच्या नॉबमागील रोधाला मध्येच एक जोड काढून तिथे रोध आणि कपॅसिटर बसवत. नॉब खाली फिरवला की खर्ज तुलनेने कमी घटे. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच पेटीत असल्याने नॉबच्या कोणत्या जागी साधारण किती आवाज निघेल, हे संच बनवणाऱ्याला ठाऊक असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हाय-फायच्या काळात ही पेटी फुटली. ॲम्प्लिफायर एका कंपनीचा, स्पीकर दुसऱ्या कंपनीचा, अशी खरेदी सुरू झाली. तेवढ्याच विजेवर एखादा स्पीकर दुसऱ्यापेक्षा 10 डेसिबल मोठा वाजतो; त्यामुळे नॉबच्या जागेवरून खोलीतला आवाज ओळखणे अशक्य झाले. फिशर, स्कॉट, मॅकिंटॉश या अमेरिकी कंपन्यांनी भरपाईची सोय ठेवली, पुढे जपानी ॲम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’चे बटण सर्रास दिसू लागले. पण स्पीकर किती संवेदनशील आहे त्यानुसार ते गरजेपेक्षा कमी-अधिक भरपाई करी, आणि मोठ्या आवाजातही दाबून ठेवले की संगीत घुमू लागे. यामाहाने 1970 च्या दशकात यावर उपाय काढला: आधी मुख्य नॉबने नेहमीचा मोठा आवाज ठरवायचा, मग वेगळ्या लाउडनेस नॉबने तो उतरवायचा. भरपाईचे प्रमाण अशा रीतीने ऐकणाऱ्याच्या हाती आले.

ब्रिटनमध्ये मात्र वारे उलटे वाहू लागले. ध्वनीच्या मार्गात जितके कमी भाग, तितका तो शुद्ध, या विचाराने नाइमसारख्या कंपन्यांनी लाउडनेसच काय, खर्ज आणि तारस्वरांचे नॉबही वगळले. हळू ऐकणाऱ्यांसाठी मग स्पीकरची निवड, त्याची जागा आणि जवळ बसणे एवढेच मार्ग उरले. भिंतीलगत ठेवलेल्या स्पीकरचा खर्ज वाढतो, आणि जवळून ऐकल्यास कमी विजेवरही कानाशी पुरेसा आवाज पोहोचतो.

2000 नंतरच्या दशकात अंकीय प्रक्रियेने मूळ अडचण सोडवली. ऑडिसी कंपनीच्या डायनॅमिक ईक्यूसारख्या प्रणालीत मायक्रोफोनने खोलीतला प्रत्यक्ष आवाज आधी मोजला जातो, म्हणून पातळीनुसार नेमकी भरपाई करता येते. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर पुन्हा एकाच पेटीत आणणाऱ्या आजच्या वायरलेस स्पीकरमध्ये तर निर्मात्याला ही पातळी आधीच ठाऊक असते. त्यामुळे हळू आवाजासाठी उपकरण निवडताना वॉटच्या आकड्यापेक्षा पातळीनुसार बदलणारी भरपाई आहे का, आणि नको तेव्हा ती बंद करता येते का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.