नौकांच्या धातुभागांचे संरक्षक विलेपन

नौकांच्या धातुभागांचे संरक्षक विलेपन म्हणजे सुकाणू, नांगर, साखळी, डोलकाठी, कठड्याच्या नळ्या, बिजागऱ्या, खिळे व बोल्ट अशा भागांचे गंज आणि झीज यांपासून रक्षण करण्यासाठी त्यांच्या पृष्ठभागावर दिला जाणारा किंवा तेथेच निर्माण केला जाणारा थर होय. जस्तविलेपन, ॲनोडीकरण, विद्युत् विलेपन, पावडर कोटिंग आणि तैलरंग हे त्याचे प्रमुख प्रकार आहेत. विलेपनाची निवड मूळ धातू, पाण्याचा प्रकार आणि त्या भागावर पडणारा भार यांवर अवलंबून असते. रंगाचा विचार त्यानंतर येतो. सुकाणूची खीळ किंवा नांगराची कडी वरून चकचकीत दिसत असूनही आतून पोखरली गेली असेल, तर ती नेमकी वादळात तुटण्याची शक्यता असते.

क्षरणाची कारणे

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे ते विजेचे चांगले वाहक असते. दोन भिन्न धातू परस्परांना चिकटून अशा पाण्यात बुडाले की त्यांचा विद्युत् घट तयार होतो आणि त्यांपैकी अधिक क्रियाशील धातू झिजू लागतो. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत अगंज पोलादाचा स्क्रू बसविल्यास स्क्रूभोवतालचे ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीत रूपांतरित होते, ते यामुळेच. अशा सांध्यावर कितीही चांगला रंग दिला तरी तो पुरेसा ठरत नाही. मध्ये नायलॉनची चकती किंवा विद्युत् रोधक लेप असावा लागतो. केवळ झिजणाऱ्या धातूलाच रंग देणे तर अधिक घातक ठरते, कारण रंगाला ओरखडा पडला की सर्व क्षरण त्या एका बिंदूवर एकवटते.

इतिहास

लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकण्याचा प्रयोग ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेवर केला. पत्र्यांमुळे लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून तळ वाचला, परंतु पत्रे बसविण्यासाठी वापरलेले लोखंडी खिळे विरघळून गेले. ज्या ठिकाणी पत्रे गुंडाळून आणलेला तपकिरी कागद चुकून खाली राहिला होता, तेथील खिळे मात्र शाबूत आढळले. विद्युत् रोधनाचे महत्त्व दाखविणारे हे फार जुने उदाहरण आहे. पुढे हम्फ्री डेव्ही याने १८२४ मध्ये तांब्याला जस्त किंवा लोखंडाचे तुकडे जोडून त्याचे क्षरण थांबविले. तथापि, तांबे विरघळणे थांबताच त्याची विषारी क्रियाही थांबली आणि तळावर शेवाळ व शिंपले वाढू लागले.

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेली जहाजे सागवानाची होती. ओक लाकडातील आम्ले लोखंडी खिळ्यांना खातात. सागवानात हा दोष बराच कमी असल्याने मुंबईत बांधलेल्या जहाजांना टिकाऊपणाची ख्याती लाभली. तेथे १८१७ मध्ये जलावतरण झालेली ‘ट्रिंकोमाली’ ही नौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही जतन केलेली आहे.

ॲल्युमिनियमचे ॲनोडीकरण

ॲनोडीकरणाचा उगमच जलवाहनांशी निगडित आहे. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे ड्युरॅल्युमिनचे भाग खाऱ्या पाण्याने खराब होऊ नयेत म्हणून इंग्लंडमध्ये १९२३ मध्ये क्रोमिक आम्लाची पद्धत प्रथम वापरात आली. आज बहुतेक ठिकाणी गंधकाम्ल वापरतात. वस्तू आम्लात बुडवून तिला धनाग्र केले असता तिच्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा कठीण थर तयार होतो. हा थर धातूतूनच उगवत असल्यामुळे रंगासारखा सोलून निघत नाही. तो सच्छिद्र असतो; छिद्रांत रंगद्रव्य भरून नंतर गरम पाण्यात ती बंद करतात. हे बंदिस्तीकरण नीट झाले नाही तर थर कितीही जाड असला तरी व्यर्थ ठरतो. समुद्रावरील वापरासाठी २० ते २५ मायक्रॉन जाडी मागावी. सजावटीच्या वस्तूंवरील पातळ थर तेथे टिकत नाही. चुना, सिमेंट व धुण्याचा सोडा यांमुळे हा थर विरघळतो.

पोलादाचे जस्तविलेपन

नांगर, साखळी व पोलादी सांगाडा यांसाठी वितळलेल्या जस्तात बुडवून केलेले विलेपन सर्वांत भरवशाचे मानले जाते. सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमानाच्या जस्तात पोलाद बुडविले की दोहोंच्या मिश्रधातूचे थर तयार होतात. सहा मिलिमीटरपेक्षा जाड पोलादावर साधारण ८५ मायक्रॉन थर अपेक्षित असतो. भारतात यासाठी आय.एस. ४७५९ हे मानक आहे. ओरखडा पडला तरी आजूबाजूचे जस्त स्वतः झिजून पोलादाला वाचविते. बाजारात मिळणाऱ्या चमकदार बोल्टांवरील विद्युत् विलेपित जस्त मात्र केवळ काही मायक्रॉन असते, आणि खाऱ्या हवेत ते लवकर संपते. दोन्हींना ‘गॅल्व्हनाइज्ड’ म्हणण्याची रीत असल्याने खरेदीत वारंवार गल्लत होते.

अगंज पोलादाला सहसा विलेपन देत नाहीत. मॉलिब्डेनमयुक्त ३१६ हा प्रकार समुद्रासाठी योग्य आहे. ३०४ या प्रकारावर तपकिरी डाग पडतात. प्राणवायू न पोचणाऱ्या फटींत ३१६ सुद्धा गंजतो. साध्या पितळेतील जस्त समुद्राच्या पाण्यात निघून जाते व उरलेले तांबे ठिसूळ होते. म्हणून पाण्याखालील भागांसाठी ब्राँझ किंवा गनमेटल वापरतात.

रंगीत थर

ॲनोडीकरणातील सेंद्रिय लाल, निळे रंग उन्हात फिके पडतात. कथिलाच्या क्षारांनी विद्युत् पद्धतीने दिलेले तपकिरी व काळे रंग बरेच अधिक टिकतात. पावडर कोटिंगमध्ये उघड्यावरील भागांसाठी पॉलिएस्टर निवडावे. इपॉक्सी उन्हात भुकटते. पावडर कोटिंगचा खरा दोष कडांशी व स्क्रूच्या छिद्रांशी दिसतो. तेथे पाणी शिरले की थराखाली गंज पसरतो आणि फुगवटा येईपर्यंत कळत नाही.

किल्लारीपासून फार दूर नसलेल्या बीदर येथील बिदरी कामात जस्तप्रधान मिश्रधातूला किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या साहाय्याने गडद काळा रंग आणतात आणि त्यावर जडविलेली चांदी पांढरीच राहते. धातूचाच पृष्ठभाग बदलून रंग आणण्याचे ते सुंदर उदाहरण आहे, परंतु तो थर अतिशय पातळ असल्याने नौकेच्या भागांसाठी निरुपयोगी होय.

गोड्या पाण्यातील नौका

मराठवाड्यात समुद्र नाही. किल्लारीजवळचा माकणी येथील निम्न तेरणा प्रकल्प, नांदेडचा विष्णुपुरी प्रकल्प व पैठणचे जायकवाडी धरण यांसारख्या गोड्या पाण्याच्या जलाशयांसाठी निकष काहीसे वेगळे आहेत. गोड्या पाण्याची विद्युत् वाहकता कमी असल्याने क्षरण मंद असते. मात्र बलिदानी धनाग्र म्हणून समुद्रात चालणारे जस्त गोड्या पाण्यात स्वतःच्याच थराने झाकले जाऊन निष्क्रिय होते. येथे मॅग्नेशियम वापरतात. उलट मॅग्नेशियम खाऱ्या पाण्यात फार झपाट्याने संपते, म्हणून कोकणातून आणलेल्या जुन्या नौकेचे धनाग्र बदलून घ्यावे लागतात. तांबेयुक्त शेवाळरोधक रंग ॲल्युमिनियमच्या तळावर थेट देऊ नये. पूरप्रसंगी वापरावयाच्या बचावनौका वर्षातील बहुतेक काळ कोरड्याच राहतात, त्यामुळे त्यांचा तळ सहसा सुस्थितीत असतो. जाम होतात ते इंजिन अडकविण्याचे स्क्रू व बिजागऱ्या. पावसाळ्यापूर्वी हे भाग सोडवून, पुसून, ग्रीस लावून पुन्हा बसविणे कोणत्याही महागड्या विलेपनापेक्षा अधिक उपयोगी पडते.