फेऱ्यांचा हिशेब

ज्या काळी गावोगावी तेलाच्या इंजिनावर पिठाच्या गिरण्या चालत, त्या काळी गिरणी सुरू झाल्याची दवंडी पिटावी लागत नसे. धुराड्याच्या तोंडावर बसवलेल्या डब्यातून ‘पुक् पुक्’ असा आवाज पार शिवारापर्यंत जाई आणि बायाबापड्या दळणाची पाटी डोक्यावर घेऊन निघत. गिरणीवाल्याचा कान त्या आवाजाला इतका सरावलेला असे की, दळण जास्त पडून इंजिनाला जरा दम लागला, तर मागल्या खोलीत जेवायला बसलेला असूनही त्याला ते कळे. “अरे, जरा दमानं टाक!” असे तो तिथूनच ओरडून सांगे.

कान मोठा हुशार, यात शंका नाही. पण त्याच गिरणीवाल्याला कोणी विचारले असते, “बाबा, तुझं चाक मिनिटाला किती फेरे घेतं?” तर तो हसला असता. फेरे कमी झाले हे कानाला कळते. किती कमी झाले, हे कानाला सांगता येत नाही. ‘कमी झाले’ आणि ‘किती कमी झाले’ या दोहोंमधले अंतर तोडायला माणसाला बरीच वर्षे लागली. ती हकीकत आज आपल्याला सांगायची आहे.

आता कोणी म्हणेल, त्यात अवघड ते काय? फेरे मोजायचे आणि घड्याळाकडे पाहायचे! शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हा प्रयोग वर्गात जरूर करून पाहावा. सायकल उलटी उभी करा, मागच्या चाकाच्या धावेला पांढऱ्या कागदाची एक पट्टी चिकटवा आणि पॅडल हळूहळू फिरवा. पंधरा सेकंदांत पट्टी किती वेळा वर आली ते मोजा आणि चाराने गुणा. मिनिटाला ६० फेऱ्यांपर्यंत मुले बिनचूक मोजतात. १२० ला जिभेची गाठ पडू लागते. पुढे तर पट्टी दिसेनाशीच होते, नुसते एक पांढरट कडे दिसते. म्हणजे आपला डोळा आणि आपली जीभ फार लवकर हात टेकतात. आणि विहिरीवरच्या पंपाची साधी मोटर तर मिनिटाला १,४०० च्या वर फेरे घेते!

फेऱ्यांच्या हिशेबाची निकड पहिल्यांदा भासली ती पैशाच्या व्यवहारातून. गोष्ट आहे इंग्लंडमधली, अठराव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांतली. कॉर्नवॉल या भागात तांब्याच्या आणि कथलाच्या खोल खाणी होत्या. त्यांत पाणी भरे आणि ते उपसायला न्यूकमेनच्या बनावटीची जुनी वाफेची इंजिने असत. ही इंजिने कोळसा बेसुमार खात आणि कोळसा तर बाहेरून जहाजाने आणावा लागे. जेम्स वॉट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनी खाणवाल्यांपुढे एक सौदा ठेवला : आमचे नवे इंजिन बसवा, जुन्या इंजिनाच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक-तृतीयांश हिस्सा आम्हाला द्या.

सौदा चोख होता, पण भांडणाचे मूळही त्यातच होते. वाचलेला कोळसा काढायचा, तर इंजिनाने काम किती केले हे आधी कळायला हवे. काम कळायचे, तर इंजिनाच्या तुळईने महिनाभरात किती हेलकावे घेतले ते मोजायला हवे. ते मोजणार कोण? खाणवाल्याचा माणूस कमी सांगणार आणि वॉटचा माणूस जास्त सांगणार! तेव्हा वॉटने तुळईवरच एक लहानसे मोजणीयंत्र बसवले. तुळईचा एक हेलकावा झाला की आतले चाक एक दाता पुढे सरके. ही पेटी कुलूपबंद असे. दोन पक्षांमध्ये तिसरा साक्षीदार उभा राहिला. त्याला ना चहा पाजता येत होता, ना धाक घालता येत होता. म्हणून खाणवाल्यांची कुरकुर थांबली असे नाही. हिस्सा देणे त्यांना अखेरपर्यंत जड गेले. पण आकड्याशी भांडता येत नाही, हे मात्र सगळ्यांना कळून चुकले.

या पेटीत एक उणीव होती. ती एकूण बेरीज सांगे, आत्ताचा वेग सांगत नसे. पर्जन्यमापकात दिवसाचा पाऊस कळतो. पण दुपारची सर किती जोराची होती, ते त्यावरून कळत नाही. तसेच हे.

१७८८ साली वॉटने आपल्या इंजिनाला गव्हर्नर जोडला. तो समजायला आपल्याला लांब जायला नको. ज्वारीवरची पाखरे राखताना गोफण फिरवली, की दगड बाहेर ओढ घेतो आणि वेग वाढवला की ती ओढ वाढते. गव्हर्नरमध्ये उभ्या दांड्याला असे दोन जड गोळे टांगलेले असतात. इंजिन जोरात चालले की गोळे बाहेर फाकतात आणि वाफेची झडप थोडी मिटतात. इंजिन मंदावले की गोळे खाली येतात आणि झडप उघडते. ही युक्ती पवनचक्कीवाल्यांना आधीपासून ठाऊक होती; वॉटने ती वाफेच्या इंजिनाला लावली. पण गव्हर्नर वेग सांभाळतो, वेगाचा आकडा सांगत नाही. हुशार गाडीवान बैल एका चालीने हाकतो; कोस किती झाले हे तो सांगेलच असे नाही.

आकडा सांगणारे यंत्र ब्रायन डॉन्किन या इंग्रज कारागिराने केले आणि १८१० साली लंडनच्या कलासंस्थेने त्याला त्याबद्दल सुवर्णपदक दिले. ताक घुसळताना रवीभोवती मध्ये खळगा पडतो आणि ताक कडेने वर चढते, हे घरोघरी पाहिलेले आहे. रवी जितकी जोरात, तितका खळगा खोल. डॉन्किनने ताकाच्या जागी पारा घेतला. पाऱ्याची एक वाटी यंत्राच्या दांड्यावरून पट्ट्याने फिरवायची. वाटी फिरली की मधला पारा खाली बसे. त्या पाऱ्यात तोंड बुडवलेली एक काचेची नळी वर उभी असे आणि तिच्यात रंगीत मद्यार्क भरलेला असे. पारा खाली गेला की नळीतला रंगही खाली उतरे आणि शेजारच्या खुणांवर वेग वाचता येई. ग्रीक भाषेत ‘ताखोस’ म्हणजे वेग आणि ‘मेत्रोन’ म्हणजे माप. त्यावरून अशा यंत्राला टॅकोमीटर हे नाव पडले. आपण त्याला फेरेमापक म्हणू.

पुढे लोहचुंबक मदतीला आला. १९०२ साली स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झेने एका युक्तीचे पेटंट घेतले. चाकाबरोबर एक चुंबक फिरतो. त्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही, तरीही फिरता चुंबक वाटीत विजेचे भोवरे उठवतो आणि वाटीला आपल्यामागे ओढू पाहतो. एक बारीक स्प्रिंग तिला अडवून धरते. ओढ जितकी जास्त, तितका काटा पुढे. कित्येक वर्षे मोटारींच्या आणि मोटारसायकलींच्या वेगाचे काटे याच युक्तीवर चालले.

कारखान्यांत हातात धरायचे फेरेमापकही आले. त्याचे रबरी टोक फिरत्या दांड्याच्या मध्यावर टेकवायचे, की काटा हलतो. पण यात दोन अडचणी होत्या. टोक घसरले की आकडा चुके, ही एक. दुसरी अडचण जास्त गंभीर : हात थेट फिरत्या यंत्राजवळ न्यावा लागे. धोतराचा सोगा, सदऱ्याची बाही किंवा लुगड्याचा पदर फिरत्या दांड्यात गेला तर काय होते, हे मळणीच्या दिवसांत ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. न शिवता मोजायचे कसे, हाच आता प्रश्न होता.

उत्तर प्रकाशाने दिले. १८३२ च्या सुमारास बेल्जममधला जोझेफ प्लॅटो आणि व्हिएन्नाचा सायमन श्टांफर या दोघांना, एकमेकांना ठाऊक नसताना, एक गंमत सापडली. फिरत्या वस्तूकडे खाचा पाडलेल्या फिरत्या तबकडीतून थांबून थांबून पाहिले, तर ती वस्तू स्थिर दिसू शकते. सिनेमात टांग्याचे चाक उलटे फिरताना दिसते, ते याच कारणाने. १९३१ साली अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन याने विजेच्या लखलखाटाचा दिवा याच कामी लावला. दिवा सेकंदाला किती वेळा लखलखतो हे ठाऊक असते. चाक स्थिर दिसले की त्यावरून वेग काढायचा. मात्र यातही एक फसगत आहे. दिवा निम्म्या वेगाने लखलखला तरी चाक स्थिरच दिसते! लेथवर काम करणारे जुने जाणते लोक म्हणूनच ट्यूबलाइटबरोबर एक साधा तारेचा दिवाही लावून घेत. स्थिर दिसणारे चाक खरोखरच स्थिर आहे असे समजून एखाद्याने हात घातला, तर बोटे गेलीच.

१६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन याने माणकाच्या स्फटिकातून पहिला लेसर किरण काढला. १९६२ मध्ये अर्धवाहकातून लेसर निघू लागला आणि पुढे तो इतका लहान आणि स्वस्त झाला की तळहातावर मावणाऱ्या फेरेमापकात जाऊन बसला. त्याची रीत अगदी सोपी आहे. यंत्र बंद असताना पुलीवर किंवा दांड्यावर चकचकीत पट्टीचा एक लहान तुकडा चिकटवायचा. यंत्र सुरू करून, हातभर लांब उभे राहून, लाल किरण त्या पट्टीच्या वाटेवर धरायचा. पट्टी समोर आली की किरण उलटून परत येतो आणि आतला प्रकाशग्राही तो टिपतो. दोन टिपणांमधला वेळ आतले गारेच्या स्फटिकाचे घड्याळ मोजते. हा वेळ सेकंदाचा पंचविसावा भाग असेल, तर सेकंदाला २५ फेरे झाले आणि मिनिटाला १,५००. कागदाच्या पट्टीचा सायकलवरचा आपला प्रयोगच हा! फक्त डोळ्याच्या जागी प्रकाशग्राही आला आणि जिभेच्या जागी घड्याळ.

तरी अक्कल आपलीच लागते. दोन पट्ट्या चिकटवल्या तर आकडा दुप्पट येतो. दांडा मुळातच चकाकत असेल, तर त्याला आधी काळा रंग द्यावा. चोकच्या जुन्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. त्याच्याकडे यंत्र रोखले तर पडद्यावर ६,००० फेरे उमटू शकतात. आणि किरण कोणाच्याही डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही, मुलांच्या हाती यंत्र दिले असेल तर मुळीच नाही.

कोणी विचारील, “शेतकऱ्याला या आकड्याचं काय करायचं?” तर ऐका. पट्टा घसरून पंपाचे फेरे दहा टक्क्यांनी कमी झाले, तर पाणी सुमारे दहा टक्के घटते; पण पाणी वर चढवायची ताकद एकोणीस टक्के घटते. वरच्या वाफ्याला पाणी का पोचत नाही, याचे उत्तर पुष्कळदा विहिरीत नसते, पट्ट्यात असते. उलट, पुली बदलून फेरे दहा टक्के वाढवले, तर शक्ती तेहेतीस टक्के जास्त लागते आणि तेवढे डिझेल जळते. ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यावर चालणारी पुष्कळशी अवजारे ५४० फेऱ्यांसाठी केलेली असतात. लवकर उरकण्याच्या घाईत त्यांना जास्त पळवले तर ती मोडतात, आणि मोडताना शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारत नाहीत. धार लावायच्या सहाणचाकावर जास्तीत जास्त किती फेरे चालतील तो आकडा छापलेला असतो. त्यापलीकडे गेले तर दगड फुटून गोळीसारखा सुटतो.

त्या गिरणीवाल्याच्या कानाला मी नमस्कार करतो. त्या कानाने कित्येक इंजिने वाचवली. पण तो कान त्याच्याबरोबर गेला. मुलाला तो वारशाने देता आला नाही. आकडा मात्र वहीत लिहून ठेवता येतो, शेजाऱ्याला सांगता येतो, पुढच्या वर्षी ताडून पाहता येतो. वॉटच्या कुलूपबंद पेटीपासून हातातल्या लाल किरणापर्यंत माणसाने धडपड केली ती एवढ्यासाठीच. येत्या हंगामात मळणीयंत्र सुरू करण्यापूर्वी त्यावरची पाटी एकदा वाचा, तिच्यावरचा आकडा मुलांकडून वहीत लिहून घ्या आणि मग यंत्राला त्याचा जबाब विचारा.