द्राक्षाची पेटी आणि गंधकाचा कागद

परवा तासगावहून भाचा आला, येताना द्राक्षांची पेटी घेऊन. पेटी उघडली तर घडांवर एक पांढरा कागद पसरलेला. नातीने विचारलं, "आजोबा, हा कागद कशाला?" मास्तरकी अंगात मुरलेली, त्यामुळे उत्तर जरा लांबलं! तेच इथे लिहितो.

आधी जुनी आठवण. 1978 च्या सुमाराची. आक्काच्या सासरी द्राक्षबाग नवी होती. लाकडी पेटीत रद्दीच्या कागदाची कात्रणं घालून त्यावर घड रचायचे. सुट्टीत गेलो की मीही कात्रणं करायला बसे. एके वर्षी ट्रक वाटेत बंद पडला. माल मुंबईला दीड दिवस उशिरा पोचला, तोवर देठ सुकून काळे, मणी गळालेले. आठवड्याने अडत्याची पट्टी आली. भाडं, हमाली, अडत वजा जाता हाती आलेल्या रकमेत पेट्यांचे पैसेसुद्धा निघाले नाहीत. दाजी पट्टीची घडी करून खिशात घालत एवढंच म्हणाले, "माल आपला, पण वेळ आपला नाही." ते वाक्य मी विसरलेलो नाही.

द्राक्षाचं दुखणंच असं आहे. आंबा, केळं काढल्यावर पिकतं. द्राक्ष तोडल्यावर गोड होत नाही, फक्त उतरत जातं. पाणी आधी देठातून जातं आणि मागून राखाडी बुरशी येते. ही बुरशी थंडीतही हळूहळू वाढते, म्हणून नुसता बर्फ पुरत नाही.

माणसाने यावर फार पूर्वीपासून डोकं चालवलंय. अफगाणिस्तानात मातीच्या दोन वाट्या एकमेकींवर लिंपून आत द्राक्षं बंद करतात, ती हिवाळाभर टिकतात. तिकडची द्राक्षं कापसात गुंडाळून, गोल लाकडी डब्यांतून पूर्वी हिंदुस्थानातल्या बाजारांत येत. पुढे कॅलिफोर्नियात विंकलर आणि जेकब या दोघांनी गंधकाच्या धुराचा, म्हणजे सल्फर डायऑक्साइडचा उपयोग अभ्यासला आणि 1925 साली प्रसिद्ध केला. नातीने विचारलेला कागद त्याच वंशातला. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. पेटीतल्या दमटपणाने त्यातून वायू सुटतो, आधी भरभर, मग आठवडे थोडा थोडा. जास्त झाला तर मणी देठाजवळ पांढरे पडतात. औषधालाही प्रमाण हवंच!

आपल्याकडे 1991 साली बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी मिळून 'महाग्रेप्स' उभी केली. द्राक्षं परदेशी पाठवायची तर बागेतली ऊन काही तासांत उतरवायला हवी, म्हणून प्रीकूलिंग आलं. मग शून्य अंशाच्या आसपास गारवा आणि नव्वद टक्क्यांवर आर्द्रता. हवा कोरडी झाली की देठ वाळतो, म्हणून ही दुसरी अट. अशी साखळी न तुटता राहिली तर माल बोटीने युरोप गाठतो. 2024 च्या हंगामात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बोटी आफ्रिकेला वळसा घालून गेल्या, प्रवास कितीतरी लांबला. अशा वेळी तो साधा कागद किती मोलाचा!

आणि ज्यांना शीतगृह परवडत नाही त्यांचं काय? त्यांची जुनी वाट म्हणजे बेदाणा. सावलीत जाळीवर पंधरवडाभर वाळवला की घाई संपली. सांगलीच्या बेदाण्याला पुढे भौगोलिक मानांकनही मिळालं. पण भाचा म्हणतो, "मामा, भाव पडला की सगळेच बेदाण्याकडे वळतात, मग त्याचाही भाव पडतो. शीतगृहाचं भाडं तर रोजचं रोज चढतं."

म्हणजे दाजींचा प्रश्न पुरता सुटलेला नाही. मात्र एक फरक पडलाय. तेव्हा पट्टी येईल ती मुकाट घ्यावी लागे, आता भाचा दोन-चार आठवडे "थांबतो" म्हणू शकतो. दाजी आज नाहीत. असते तर हा कागद त्यांनी नक्की उलटसुलट करून पाहिला असता.

तुमच्यापैकी कुणी कधी द्राक्षाच्या पेट्या भरल्या असतील तर जरूर कळवा. आक्कालाही वाचून दाखवीन.