कुणाचा हा एनएमआय?

लिनक्सच्या लॉगमध्ये एक मजेशीर तक्रार कधीतरी दिसते. कर्नल म्हणतो, कारण न कळलेला एनएमआय आलाय, मी गांगरलोय, पण पुढे रेटतोय. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा दोन दिवस रॅमच्या पट्ट्या बदलत बसलो होतो. पर्फ चालू असतानाच ती ओळ येते, हे तिसऱ्या दिवशी लक्षात आलं!

साधे इंटरप्ट थोडा वेळ दाराबाहेर उभे करता येतात. एनएमआय थेट आत येतो. मेमरीतली गंभीर चूक कळवायला तो जुन्या काळापासून आहे. 2009 मध्ये 2.6.31 आवृत्तीत पर्फ आलं आणि त्यानेही तोच रस्ता धरला, कारण इंटरप्ट बंद असतानाचा कोडही मोजायचा होता.

काउंटर भरून ओसंडला की एनएमआय येतो. आता समजा, दोन काउंटर जवळजवळ एकदमच भरले. पहिल्या एनएमआयला हँडलर सगळे काउंटर तपासतो आणि दोन्ही उरकून टाकतो. पण दुसऱ्याचा एनएमआय प्रोसेसरमध्ये रांगेत असतोच. हँडलर परतला रे परतला की तो येतो, आणि बघावं तर एकही काउंटर भरलेला नाही. मग हा कुणाचा?

सुरुवातीचा उपाय म्हणजे निव्वळ जुगाड: मोजणी चालू असेल तर येईल तो एनएमआय 'माझाच' म्हणायचं. ओरड थांबली, पण खरोखर हार्डवेअर बिघडलं असतं तरी कळलं नसतं. मला हे मूळ दुखण्यापेक्षा वाईट वाटतं.

2010 मध्ये रॉबर्ट रिक्टर, डॉन झिकस वगैरे मंडळींनी ते सुधारलं. एका फेरीत एकाहून जास्त काउंटर उरकले, तर पुढच्या एनएमआयवर खूण करून ठेवायची. तो आधी बाकीच्या हँडलरांना दाखवायचा. कुणीच ओळखला नाही आणि खूण जुळली, तरच गिळायचा. 2.6.36 मध्ये हा बदल आला.

एवढ्यावर भागलं नाही. एएमडीच्या प्रोसेसरांवर काउंटर बंद केल्यावरही एनएमआय उशिरा पोचायचा. 2019 मध्ये त्यासाठी आधी मोजून गिळायची पद्धत आली, मग तिच्या जागी 100 मिलिसेकंदांची सवलत. त्या खिडकीत खरा बिघाड आला तर? गिळला जाऊ शकतो. हा सौदा जाणूनबुजून केलेला आहे.

माझी रॅम, बाय द वे, अजून ठणठणीत आहे.